मैदानावर पाठवण्याआधी पोरांचं रक्त तपासा



मागच्या मे महिन्यात आमच्या ओळखीतला एक चौदा वर्षांचा मुलगा खेळाच्या अकॅडमीत सराव करताना पडला. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन चढलं होतं. सरांनी शंभर मीटरच्या दहा फेऱ्या लावल्या होत्या, मध्ये थांबायचं नाही. सातव्या फेरीला मुलगा आधी वाकला, मग खालीच बसला. शुद्ध होती, बोलत होता. "पायात जीवच नाही" एवढंच म्हणत होता. सरांना वाटलं कंटाळा केला. "नाटक करू नकोस, ऊठ" म्हणून त्याला अजून एक फेरी मारायला लावली. ती काही पुरी झाली नाही. मग पायाला बाम चोळला, झाडाखाली बसवलं आणि दुपारी रिक्षाने घरी धाडलं.

संध्याकाळी त्याला चहासारखी काळसर लघवी झाली. आई चार घरची धुणीभांडी करून नुकतीच आली होती. ती घाबरून माझ्याकडे धावत आली, कारण मी पूर्वी नर्स होते हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही त्याला तसंच रुग्णालयात नेलं. तिथे "ऊन लागलंय" म्हणून सलाईन लावली. निदान चुकीचं नव्हतं, पण अर्धंच होतं. मी आईला विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?" ती म्हणाली, "सासर-माहेर दोन्ही यवतमाळकडचं, ताई." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. महिन्याभराने रक्ताची खास तपासणी करून घेतली, तर मुलगा सिकलसेलचा वाहक निघाला. आईही वाहकच. चौदा वर्षांत कुणी त्यांना ही तपासणी सांगितली नव्हती. अकॅडमीने प्रवेशाच्या वेळी आधार कार्ड मागितलं, चार फोटो मागितले, फी मागितली. तब्येतीचा एक प्रश्न विचारला नाही.

अकॅडम्यांविरुद्ध ओरड करायची म्हणून मी हे लिहीत नाही. आपली मुलं खेळायला जातात याचा मला आनंदच आहे. ताडीवाला रोड असो, बोपोडी असो की येरवडा, पहाटे साडेपाचला खांद्यावर किटबॅग घेतलेली पोरं-पोरी बसस्टॉपवर दिसतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे चित्र नव्हतं. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली, प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य आणलं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला. प्रत्येक वेळी अकॅडमीत नाव घालायला चार मुलं वाढतात. शिवाय पुण्यात बालेवाडीचं संकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ते उभं राहिलं, पुढे तिथे २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, २०१९ मध्ये खेलो इंडिया झाली. त्यामुळे मोठं मैदान कसं असतं ते आपल्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलंय.

याच पुण्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पळवणकर बाळू नावाचा चर्मकार समाजातला पोरगा गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडायचा, रोलर फिरवायचा, जाळ्यात साहेबांना चेंडू टाकायचा. पगार महिना तीन-चार रुपये. तो इतका चांगला गोलंदाज निघाला की हिंदूंच्या संघाला त्याला घेणं भाग पडलं. पण चहाच्या वेळी त्याचा मातीचा पेला पॅव्हेलियनच्या बाहेर. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. (पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, ती गोष्ट वेगळी.) आज आपली मुलं पैसे भरून मैदानाच्या आत उभी आहेत. आत गेल्यावर त्यांच्या शरीराची काळजी कोण घेतं, हा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

आता सिकलसेलचं नीट समजून घेऊ, कारण हा विषय आपल्या घरातला आहे.

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि मऊ असतात, बारीक नळीतूनही वाकून निघून जातात. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी पडला की काही पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग पुढच्या भागाला रक्त पोचत नाही आणि तिथे जीवघेणी कळ येते. हा गुण आईवडिलांकडून येतो. दोघांकडून आला तर मुलाला आजार होतो, त्याला एसएस म्हणतात. एकाकडूनच आला तर मूल वाहक असतं, म्हणजे एएस. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक इतकी आजारी मूल होण्याची शक्यता असते. हा संसर्ग नाही. शिवण्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही.

विदर्भात हा गुण अनुसूचित जातींत, म्हणजे आपल्या बौद्ध समाजातही, बराच आढळतो. आदिवासी समाजांत आढळतो, कुणबी-तेली घरांतही सापडतो. नंदुरबार, पालघरकडेही आहे. ज्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा गुण टिकला, कारण वाहक माणसाला मलेरियाच्या जिवावरच्या दुखण्यापासून काहीसं संरक्षण मिळतं. तेव्हा यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि कुठल्या पापाचं फळही नाही. पण पुण्यात अडचण अशी की इथल्या डॉक्टरच्या मनात हा आजार पटकन येत नाही. नागपूरला आला असता. आणि पोटासाठी नागपूर, यवतमाळ, चंद्रपूर, अमरावती सोडून पुण्यात आलेली आपली माणसं मूळ गावाबरोबर ही माहितीही मागेच सोडून येतात.

वाहक मुलाला रोजच्या आयुष्यात काही त्रास नसतो. तो खेळू शकतो, धावू शकतो, पदकही आणू शकतो. त्याला खेळापासून तोडायचं नाही, हे मी दोनदा सांगते. मोठा धोका अशा प्रसंगी असतो: फार दमवणारा सराव सलग, विश्रांतीविना, उन्हात, अंगात पाणी कमी असताना किंवा ताप असताना. अशा वेळी वाहकाच्याही पेशी विळ्यासारख्या होऊ शकतात, स्नायू आतून फुटायला लागतात आणि त्यांचा चोथा मूत्रपिंडात जाऊन बसतो. २००६ मध्ये अमेरिकेत राईस विद्यापीठाचा डेल लॉइड नावाचा १९ वर्षांचा फुटबॉल खेळाडू सरावानंतर असाच कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक होता हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या आईवडिलांनी दाद मागितली आणि २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीच्या कॉलेज खेळाडूंसाठी ही तपासणी नियमात आली.

साधा गोळा येणं आणि हे, यांतला फरक आयांनी आणि सरांनी, दोघांनी ओळखायला हवा. उन्हाने पायात गोळा आला तर पोटरी दगडासारखी कडक होते, हाताला लागते, मूल कळवळून ओरडतं. सिकलच्या त्रासात स्नायू वरून मऊच लागतात, पण पायातला जोर जातो. मूल ओरडत नाही, गळून खाली बसतं. शुद्धीवर असतं, बोलतं, म्हणूनच सरांना ते नाटक वाटतं. हे बहुधा सरावाच्या सुरुवातीच्या दिवसांत, किंवा सुट्टीनंतर एकदम जोर लावला की होतं. अशा वेळी मुलाला उठवायचं नाही, चालवायचं नाही. सावलीत न्यायचं, अंग ओल्या कपड्याने गार करायचं, शुद्धीत असेल तर पाणी पाजायचं आणि लगेच १०८ ला फोन करायचा. रुग्णालयात पहिलं वाक्य हे बोलायचं: "मुलगा सिकलसेलचा वाहक आहे, धावताना पडला." लघवी चहासारखी किंवा कोलासारखी झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

तपासणी अवघड नाही. आधी थेंबभर रक्तावर विद्राव्यता चाचणी होते. ती सकारात्मक आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी नावाची पक्की चाचणी करतात. पहिली चाचणी फक्त "आहे" एवढं सांगते. वाहक की आजारी, हे दुसरीच सांगते, म्हणून पहिल्या चिठ्ठीवर रडत बसू नका आणि निर्धास्तही होऊ नका. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. बाप किंवा आई विदर्भातली असेल, घरात कुणाला लहानपणापासून सांधे दुखून दवाखान्यात ठेवावं लागत असेल, वारंवार कावीळ होत असेल, तर हयगय करू नका. मूल एसएस निघालं तर अकॅडमीचा निर्णय डॉक्टरला विचारून घ्यायचा. अशा मुलांनी हलकं खेळावं, पण स्पर्धेचा जोर त्यांच्या अंगाला सोसत नाही.

चिठ्ठी आल्यावर सरांना सांगायची का? मी सांगा म्हणते. पण एक गोष्ट ठणकावून सांगा, की यामुळे मुलाला काढता येणार नाही. त्याला हळूहळू वाढवत सराव द्यायचा, दोन फेऱ्यांमध्ये श्वास बसेपर्यंत थांबू द्यायचं, पाणी मागेल तेव्हा द्यायचं, अंगात ताप असेल त्या दिवशी धाववायचं नाही. यातलं काहीही इतर मुलांनाही अपायकारक नाही. माझा तर आग्रह आहे की सगळ्यांनाच हे नियम लावा, म्हणजे कुणा एकाकडे बोट दाखवायला नको.

रक्ताचा दुसरा विषय पंडुरोगाचा, म्हणजे ॲनिमियाचा. महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, असं सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीतच आलंय. अशी मुलगी कबड्डीला जाते, दहा मिनिटांत धापा टाकते, आणि सर म्हणतात हिच्यात दम नाही. दम नाही की रक्त नाही, हे बघायला हिमोग्लोबिनची तपासणी पुरते, महापालिकेच्या दवाखान्यातही होते. बारा ते चौदा वयाला १२ हवं. पंधराच्या पुढे मुलींना १२, मुलांना १३. पाच ते अकराच्या लहानांना साडेअकरा. कमी निघालं तर शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलगी खरंच गिळते की दप्तरात टाकते ते बघा. गोळीने शौच काळी होते, थोडं मळमळतं, म्हणून पोरी टाळतात. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. जंताची गोळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, शाळा-अंगणवाडीत फुकट असते. जंत पोटात असताना कितीही अंडी खाल्ली तरी अर्धी त्यांच्याच वाट्याला. सिकलसेल असलेल्याने मात्र लोहाच्या गोळ्या डॉक्टरला विचारूनच घ्याव्यात.

खाण्यावरून एक किस्सा. एका आईने पगारातून हजारांचा प्रोटीन पावडरचा डबा आणला, कारण अकॅडमीच्या सरांनी सांगितलं होतं आणि तो सरांकडेच विकत मिळत होता. घरात त्या आठवड्यात भाजी नव्हती. वाढत्या वयाच्या मुलाला डब्याची गरज नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, मूठभर शेंगदाण्यात साधारण सात. फुटाणे-गूळ, मोड आलेली मटकी, डाळ-भात, बाजरीची भाकरी आणि मेथी, सुकट-बोंबील, कलेजी, वजडी, पाया हे सगळं आपल्या घरचंच आहे. पूर्वी बैलाचं मटण हे आपल्या वस्त्यांचं स्वस्तातलं प्रोटीन होतं. मार्च २०१५ च्या कायद्याने ते ताटातून गेलं, आणि कायदा करणाऱ्यांनी त्याच्या बदल्यात ताटात काही वाढलं नाही. सुकट-कलेजी खायला लाजू नका. वर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा. उपाशीपोटी पहाटे पाठवू नका, एक केळं नाहीतर गुळाचा खडा आणि शेंगदाणे पुरतात. ओळखीच्या जिममध्ये कुणी "इंजेक्शनने बॉडी बनते" म्हणालं तर त्या पायरीवर मुलाला चढू देऊ नका. ते स्टिरॉइड असतं, त्याने उंची खुंटते, यकृत बिघडतं आणि तपासणीत सापडलं तर बंदी येते ती वेगळीच.

पाणी हा मुलींच्या बाबतीत निराळा विषय आहे. मैदानाला धड संडास नाही, असला तर कुलूप, नाहीतर आत बसवत नाही. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग चक्कर येते, लघवीला जळजळ होते. पाळीच्या दिवसांत तर सरावच बुडवतात. फी भरण्याआधी आईने स्वतः जाऊन तिथला संडास बघावा. मी बघते. नळाला पाणी, आतून कडी, कचऱ्याचा डबा, एवढं असावं. आणि फार सराव करणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर "बरंच झालं, कटकट गेली" म्हणू नका. खाणं कमी आणि कष्ट जास्त झाले की शरीर पाळी बंद करतं, पाठोपाठ हाडं ठिसूळ होतात. उन्हाळ्यात घरचं पाणी असं करा: उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त नको.

सरावाच्या अतिरेकाबद्दल आपल्या धम्मात एक गोष्ट आहे. सोण नावाचा श्रीमंत घरातला तरुण भिक्खू झाला. तो चालत ध्यान करायचा, इतकं की तळपाय फुटून वाट रक्ताने भरली. तरी काही साधेना, तेव्हा परत घरी जावं असं त्याच्या मनात आलं. तो पूर्वी वीणा वाजवायचा. भगवंतांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? आणि फार सैल सोडल्या तर? विनयपिटकात याच्या पुढचा भाग आहे, तो प्रवचनात कमी सांगतात. भगवंतांनी त्याला पायताण घालायची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, सगळ्या संघाला मिळत असेल तर घालीन. मग ती सगळ्या भिक्खूंना मिळाली. मी हे आयांना सांगते आणि मग बुटांवर येते. टाचेला पातळ झालेले, भावाचे मोठे बूट कापूस कोंबून घालून मुलगा धावतो. टाच आणि गुडघा जातो तो तिथेच. अकॅडमीत शर्टावर नाव छापायला पाचशे रुपये घेत असतील तर ते नको म्हणा आणि बुटात घाला.

वाढत्या मुलाच्या हाडांच्या टोकाला कूर्चा असते, तिथे हाड अजून कच्चं असतं. रोज एकच हिसका बसला की गुडघ्याच्या खालच्या उंचवट्यावर नाहीतर टाचेच्या मागे दुखतं. सर याला "वाढीचं दुखणं" म्हणून सोडून देतात. पंधरा दिवसांत विश्रांतीने गेलं नाही, सूज असली, लंगडत असलं, रात्री झोपेतून उठवत असलं तर हाडाच्या डॉक्टरला दाखवा. सोपा हिशेब असा: मुलाचं वय जितकं, आठवड्याचे सरावाचे तास तितक्याच्या आत. बारा वर्षांच्याला बारा तास, जास्त नाही. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. इंग्लंडचं क्रिकेट मंडळ १३ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका दमात ५ षटकं आणि दिवसात १० षटकं यापुढे टाकू देत नाही. आपल्याकडे जाळ्यात दोन तास सलग टाकायला लावतात.

धावताना मूल बेशुद्ध पडलं, छातीत दुखलं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ईसीजी काढल्याशिवाय मैदान नको. घसा दुखून ताप, मग एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरणारी सूज, असं कधी झालं असेल तर हृदयाची झडप तपासून घ्या. एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात तिथे हा आजार जास्त होतो.

एक बोलायला अवघड गोष्ट. २०२३ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर ऑलिम्पिकपर्यंत पोचलेल्या कुस्तीगीर मुलींना रस्त्यावर बसावं लागलं, तर आपल्या पोरींचं कोण ऐकणार? म्हणून आधीच नियम ठरवा. सर मुलाला किंवा मुलीला एकट्याला खोलीत, गाडीत, बाहेरगावच्या स्पर्धेत खोली वाटून नेणार नाहीत. मालिश सर करणार नाहीत. मुलांच्या बाबतीतही हेच होतं, फक्त ती सांगत नाहीत. मूल अचानक जायला नको म्हणू लागलं तर फीच्या पैशावरून रागावू नका, आधी जवळ घेऊन विचारा. पोक्सो कायदा २०१२ चा आहे, मुलांसाठीचा फोन १०९८.

पैशाच्या बाबतीत थोडक्यात. खाजगी अकॅडमीच्या स्वतःच्या स्पर्धेचं पदक घरात लावायला छान, पण राज्याच्या नोकऱ्यांतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाला चालत नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं, क्रीडा खात्याने पडताळलेलं प्रमाणपत्र लागतं. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात झाली आहेत, कुणी विकत देतो म्हणाला तर दूर राहा. सरकारी दारंही आहेत. १९९६ पासूनची राज्याची क्रीडा प्रबोधिनी आहे, राहणं-जेवण-शिक्षण तिथेच, स्वप्नील तिथूनच घडला. महापालिकेच्या क्रीडा निकेतन शाळा आहेत. लष्कराच्या मुंढव्याच्या क्रीडा संस्थेत लहान मुलांची निवड होते. निवडीच्या तारखा विहाराच्या फळ्यावर लावायचं काम आपल्या तरुणांनी घ्यावं, कारण त्या जाहिराती आपल्यापर्यंत पोचतात तेव्हा मुदत संपलेली असते.

तो मुलगा आता पुन्हा धावतो. दुसऱ्या मैदानावर, दुसऱ्या सरांकडे. आईने त्याच्या बाटलीवर मार्करने तीन रेघा मारल्यात: साडेसहापर्यंत पहिली, सातला दुसरी, साडेसातला तिसरी. रिकामी बाटली घेऊन आला नाही तर त्या दिवशी तिच्याकडून बोलणी खातो. वहीच्या पहिल्या पानावर रक्तगट, "सिकलसेल वाहक – एएस" आणि आईचा फोन नंबर लिहिलाय. तसंच पान आणखी नऊ मुलांच्या वहीत आलंय. त्यातले दोघे तपासणीत वाहक निघाले. दोघांचीही आजी विदर्भातली, आणि दोघांच्याही घरी हे आजवर कुणाला माहीत नव्हतं.